वेळेवर परत आले. आता पुन्हा व्हिसा मिळेल ना?

प्रश्न : मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका, सातारा जिल्ह्यात राहते. मुलगी आणि जावई इंग्लंडमध्ये मिल्टन कीन्सला असतात. दोघंही नोकरी करतात, कामाच्या व्हिसावर आहेत. गेल्या जुलैच्या सुरुवातीला मुलीच्या बाळंतपणासाठी मी सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर गेले. अर्जात ‘पाच आठवडे’ लिहिलं होतं. पण बाळ महिनाभर आधी आलं, सिझेरियन झालं, बाळाला काही दिवस काचेच्या पेटीत ठेवलं होतं. माझं राहणं वाढत गेलं आणि मी नोव्हेंबरच्या वीस तारखेला परतले. व्हिसा संपायला तेव्हा दिवस शिल्लक होते. आता मुलीची रजा संपतेय. ती म्हणते, फेब्रुवारीत ये आणि जूनअखेरपर्यंत राहा. नणंदेचा मुलगा म्हणतो, एकदा नीट परत आलं की दुसऱ्यांदा डोळे झाकून व्हिसा देतात. एजंट म्हणतो, जास्त राहिल्याचा विषय काढू नका, कारण ‘पर्यटन’ लिहा, खात्यात महिनाभर पाच लाख दाखवा आणि थेट पाच वर्षांचा व्हिसा मागा. यजमानांचं खताचं दुकान आहे, ते येणार नाहीत. मे-जूनमध्ये दुकानात गर्दी असते आणि हिशेब मीच बघते, त्यामुळे त्यांना जरा जड जाईल, पण नातवापुढे ते काही बोलत नाहीत. आणखी एक : तिकडे बीपीच्या गोळ्यांसाठी मुलीने माझं नाव डॉक्टरकडे नोंदवलं होतं. त्याने काही अडेल का?
– एक आजी

नमस्कार ताई,

आधी नातवाबद्दल आनंद कळवते. पेटीतलं बाळ आता मांडीवर खेळतंय, हे वाचून बरं वाटलं. मुलीच्या पहिल्या बाळंतपणाला तुम्ही तिच्याजवळ होता. त्या चार-साडेचार महिन्यांबद्दल अपराधी वाटून घेऊ नका.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पाच आठवडे लिहून साडेचार महिने राहिलात, याची काळजी तुम्हाला जास्त आहे. मला काळजी वाटते ती ‘फेब्रुवारी ते जूनअखेर’ या शब्दांची. पहिल्या गोष्टीचं सरळ उत्तर तुमच्याकडे आहे. दुसरीचं उत्तर कागदांनी देता येणार नाही, त्यासाठी बेतच बदलावा लागेल.

नणंदेच्या मुलाचं म्हणणं अर्धं खरं आहे. व्हिसाच्या मुदतीत राहून, मुदतीच्या आत परत येणं ही जमेची बाजू आहेच. कधीच न गेलेल्या माणसाला ‘मी परत येईन’ एवढंच म्हणता येतं. तुम्ही एकदा परत येऊन दाखवलंय. पण ब्रिटनचा व्हिजिटर व्हिसा ड्रायव्हिंग लायसन्ससारखा नूतनीकरण करून मिळत नाही. प्रत्येक वेळी नवा अर्ज, नवी फी, पुन्हा बोटांचे ठसे आणि पुन्हा तोच प्रश्न : ही व्यक्ती खरोखर भेटीला येतेय का आणि परत जाईल का? ‘डोळे झाकून देतात’ हा समज कदाचित युरोपच्या शेंगेन व्हिसावरून आला असेल. युरोपियन आयोगाने १८ एप्रिल २०२४ ला भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी नवी पद्धत ठरवली. तीन वर्षांत दोन व्हिसा नियमाप्रमाणे वापरले असतील तर पुढचा दोन वर्षांचा बहुप्रवेश व्हिसा आणि त्यानंतर सहसा पाच वर्षांचा. तिथे चांगल्या प्रवासाची अशी पायरीपायरीने बक्षिसी आहे. ब्रिटनमध्ये तशी शिडी नाही.

आता त्या पाच आठवड्यांबद्दल. तुमच्या हातात सहा महिन्यांचा व्हिसा होता, त्यामुळे साडेचार महिने राहणं बेकायदा नव्हतं. तुम्ही मुदत ओलांडलेली नाही, हे आधी स्वतःच्या मनात पक्कं करा, कारण तुम्ही घाबरून लिहिलंत तर ती भीती अर्जात उतरेल. ब्रिटनच्या गृहखात्याने व्हिसा अधिकाऱ्यांसाठी जी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली आहे, तिच्यात या प्रसंगाचा स्पष्ट उल्लेख आहे. आधीच्या अर्जात सांगितलं त्यापेक्षा अर्जदार बराच जास्त राहिला होता का, हे अधिकाऱ्याने बघायचं असतं. तसं असेल तर अर्जदार खोटा आहे असं आपोआप धरायचं नाही, पण त्याच्या एकूण हेतूबद्दल प्रश्न विचारायला ते कारण ठरू शकतं. म्हणजे प्रश्न येणार हे ठरलेलं आहे. त्याचं उत्तर अधिकाऱ्याने विचारायच्या आधी तुम्हीच द्यायचं, कारण व्हिजिटर व्हिसाला बहुतेकदा मुलाखत नसते. समोर बसून समजावायची संधी मिळेलच असं नाही. जे काही सांगायचं ते कागदावर.

‘विषय काढू नका’ हा एजंटचा सल्ला याचसाठी वाईट आहे. अर्जातच विचारतात : गेल्या दहा वर्षांत ब्रिटनला कितीदा आलात, केव्हा आलात, किती राहिलात. विषय तेच काढतात. शिवाय ब्रिटन सोडताना पासपोर्टवर शिक्का मारत नसले, तरी एप्रिल २०१५ पासून विमान आणि जहाज कंपन्यांकडून येणाऱ्या माहितीवरून प्रवासी बाहेर गेल्याची नोंद ठेवली जाते. तुम्ही वीस नोव्हेंबरला निघालात, ही गोष्ट तुमच्या बाजूची आहे. ती लपवायची कशाला? मुंबईत उतरल्यावर पासपोर्टवर बसलेला शिक्का, परतीचा बोर्डिंग पास आणि तिकिटाची तारीख बदलल्याचा विमान कंपनीचा ईमेल, जे सापडेल ते जोडा.

सोबतचं पत्र तुम्ही स्वतःच्या हाताने लिहा, ताई. एजंटच्या संगणकात शंभर जणांसाठी चालणारा एकच मजकूर असतो. तुम्ही आयुष्यभर मुलांना निबंध लिहायला शिकवलंत, एक पानभर साधं इंग्रजी तुम्हाला जड नाही. मजकूर साधारण असा असू द्या : ‘मागच्या अर्जात मी पाच आठवड्यांचा मुक्काम लिहिला होता. प्रत्यक्षात मी जुलैच्या अमुक तारखेपासून २० नोव्हेंबरपर्यंत राहिले. बाळाचा जन्म अपेक्षित तारखेच्या महिनाभर आधी शस्त्रक्रियेने झाला आणि बाळाला नवजात कक्षात ठेवावं लागलं. मुलगी सावरेपर्यंत मी थांबले आणि व्हिसाची मुदत संपण्यापूर्वी परतले. रुग्णालयाच्या डिस्चार्ज पत्राची प्रत जोडली आहे.’ एवढं पुरे. गयावया नको, भावनांचं वर्णन नको. तारखा अर्जात आणि पत्रात अगदी सारख्या हव्यात. डिस्चार्ज पत्र मुलीकडे असेलच, तिच्या संमतीने त्याची प्रत घ्या.

आता माझ्या काळजीची जागा. कॅलेंडर समोर घ्या. गेल्या जुलैपासून येत्या जूनपर्यंत बारा महिने होतात. मुलीच्या म्हणण्याप्रमाणे गेलात, तर त्यातले जवळजवळ साडेनऊ महिने तुम्ही मिल्टन कीन्सला आणि अडीच महिने साताऱ्याकडे. हेच गणित व्हिसा अधिकारी करणार आहे. बाहेर असं पक्कं सांगितलं जातं की ‘वर्षात १८० दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही’. असा ठरीव आकडा ब्रिटनच्या नियमांत नाही. नियम म्हणतो तो असा : वारंवार किंवा लागोपाठच्या भेटी करून ही व्यक्ती दीर्घकाळ ब्रिटनमध्ये राहणार नाही, ब्रिटनला आपलं मुख्य घर करणार नाही. ते ठरवताना गेल्या बारा महिन्यांतल्या भेटी, प्रत्येक भेटीची लांबी, मागच्या भेटीनंतर किती काळ लोटला आणि स्वतःच्या देशापेक्षा ब्रिटनमध्ये जास्त काळ जातोय का, हे बघायला अधिकाऱ्याला सांगितलेलं आहे. आकडा नाही म्हणून मोकळीक आहे असं समजू नका. आकडा नाही म्हणून तुमचा एकूण नमुना बघितला जातो आणि साडेनऊ-अडीच हा नमुना भेटीचा दिसत नाही. तुमचे कागद कितीही चोख असले तरी.

त्यात कारण कोणतं, तर मुलीची रजा संपतेय. इथे थोडं सावकाश बोलू, कारण या सदराकडे येणाऱ्या पत्रांत आजी-आजोबांचं सगळ्यात मोठं दुखणं हेच असतं.

नातवंडाला सांभाळायला जाणं ब्रिटनच्या नियमांत निषिद्ध नाही. कुटुंबातल्या व्यक्तीने थोड्या काळासाठी येऊन बाळाकडे बघितलेलं चालतं, असं मार्गदर्शिका म्हणते. अट एवढीच, की ते पाळणाघरातल्या बाईची नोकरी केल्यासारखं होऊ नये. म्हणून ‘नातवाला भेटायला आणि मुलगी कामावर रुजू होताना तिला थोडे दिवस मदत करायला’ असं तुम्ही बिनधास्त लिहू शकता. ते खरंही आहे. पण पाच महिने, रोज सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, आई-बाप कामावर आणि बाळ आजीकडे, हे चित्र वेगळं झालं. त्याला ‘थोड्या काळाची भेट’ म्हणवत नाही. पगार घेतला नाही, एवढ्यानेच ते भेटीत बसतं असं नाही.

मुलीची अडचण मला कळते. तिकडची पाळणाघरं फार महाग आहेत. नोकरदार आई-बापांच्या नऊ महिन्यांवरच्या मुलांसाठी सप्टेंबर २०२५ पासून इंग्लंडमध्ये शाळेच्या सत्रकाळात आठवड्याला ३० तासांचा खर्च सरकार उचलतं, पण दोघंही ‘सरकारी निधी नाही’ (म्हणजे सरकारी भत्ते-सवलती मिळणार नाहीत) या अटीच्या कामाच्या व्हिसावर असतील तर ती सवलत मिळत नाही. ऑफिसातल्या सहकाऱ्यांना मिळणारी गोष्ट तुमच्या मुलीला मिळत नाही, म्हणून आईची आठवण जास्त येते. ही तिची चूक नाही. तरी बाळाच्या पहिल्या वर्षाची सगळी व्यवस्था आजीच्या व्हिसावर उभी करणं धोक्याचं आहे. व्हिसा नाकारला गेला तर फेब्रुवारीत मुलगी कामावर जाणार कशी? तिला आजच फोन करून सांगा, की पाळणाघराची जागा आत्ताच बघून ठेव. जावईबापूंनाही विचारा. ब्रिटनमध्ये बाळंतपणाची रजा ५२ आठवड्यांची असते आणि आईने न वापरलेली रजा, नोकरीच्या अटी पूर्ण होत असतील तर, बाबाला वाटून घेता येते. ही सोय तिथे २०१५ पासून आहे आणि आपल्याकडच्या बऱ्याच जोडप्यांच्या ती लक्षातच येत नाही. कामाचा व्हिसा त्याच्या आड येत नाही, कारण ती नोकरीतली हक्काची रजा आहे.

मग तुम्ही जायचं कधी? याचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे आणि तुम्ही ते ओघात लिहून पुढे गेलात. यजमानांचं खताचं दुकान, मे-जूनची गर्दी, हिशेब तुमच्याकडे. खरीप तोंडावर असताना दुकानात तुमची गरज असते. साताऱ्यात तुम्हाला परत ओढून आणणारी गोष्ट कोणती, असं अधिकारी विचारतो, तेव्हा घर आणि जमीन हे उत्तर सगळेच देतात. घर कुठे जात नाही, कुलूप लावून ठेवता येतं. दुकानाचा हंगाम मात्र कुणासाठी थांबत नाही. इतकं खरं आणि इतकं तुमचं स्वतःचं कारण असताना, नेमकं त्याच हंगामात तिकडे राहायचं ठरवलं तर तुमची सगळ्यात मजबूत बाजू तुम्हीच काढून टाकल्यासारखं होईल.

मी तुमच्या जागी असते तर फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत, साधारण आठ आठवडे मागितले असते. मुलगी कामावर रुजू होईल, बाळ पाळणाघरात रुळेल, पहिल्या दिवसांतली सर्दी-तापाची आजारपणं तुमच्या समोर निघतील आणि तुम्ही उन्हाळ्यात दुकानात हजर. यजमानांचं एक पत्र जोडा : दुकान कधीपासून आहे, हिशेबाचं काम तुम्ही किती वर्षं बघता, मे-जूनमध्ये तुम्ही का हव्यात. सोबत खतविक्री परवान्याची प्रत. परवाना त्यांच्या नावावर आहे म्हणून अडत नाही, नातं विवाह नोंदणीने किंवा पासपोर्टवरच्या नावाने सिद्ध होतं. आणि हो, यजमान नातवापुढे काही बोलत नाहीत असं लिहिलंत. त्यांना एकदा बसवून विचारा. त्यांना जड जातंय हे तुम्हाला कळतं, मग ते बोलायची वाट बघू नका.

या खेपेला आठ आठवडे लिहिलेत तर आठच आठवडे राहा. दोन-चार दिवस इकडेतिकडे झाले तर कुणी मोजत नाही, पण दुसऱ्यांदाही मुक्काम दुप्पट-तिप्पट झाला तर तिसऱ्या अर्जाला ‘बाळ लवकर आलं’ हे कारण पुरणार नाही.

‘पर्यटन’ लिहायचा सल्ला ऐकून मला राग आला, तो एजंटवर. मुलीच्या घरी राहणार, खर्चाचा काही भाग मुलगी उचलणार आणि कारण पर्यटन? ब्रिटनच्या नियमांत खोटी माहिती दिल्याचं सिद्ध झालं की अर्ज तर जातोच, पुढचे अर्जही दहा वर्षांपर्यंत नाकारले जाऊ शकतात. अर्ज एजंटने भरला, मी फक्त सही केली, हा बचाव चालत नाही. शेवटच्या घोषणेखाली नाव तुमचं असतं. नातवाचं बालपण दहा वर्षांत संपतं, ताई. अर्ज तुम्ही आणि मुलगी मिळून भरा. तो ऑनलाइन असतो, प्रश्न सरळ इंग्रजीत असतात, मधे थांबून जतन करता येतो. कुणाचा सल्ला घ्यायचाच असेल तर मुलीने तिकडे नोंदणीकृत सल्लागार शोधावा. ब्रिटनमध्ये पैसे घेऊन इमिग्रेशनचा सल्ला द्यायला नोंदणी लागते आणि ती नावं सरकारी यादीत तपासता येतात.

पाच लाखांचंही तसंच. किती शिल्लक हवी याचा आकडा नियमात नाही. पैसे आहेत का, तुमचे आहेत का आणि ते कुठून आले, हे बघतात. तुमच्या खात्यात दर महिन्याला पेन्शन जमा होते, त्यातून घरखर्च जातो, थोडं शिल्लक राहतं. हे सहा महिन्यांचं साधं विवरण कुणाच्याही उसन्या पाच लाखांपेक्षा जास्त बोलतं. अर्जाच्या महिनाभर आधी अचानक मोठी रक्कम आली की पहिली शंका तिच्यावरच जाते. पीपीओची (पेन्शन मंजुरीच्या आदेशाची) प्रत, बँकेचं विवरण आणि असतील तर मुदत ठेवींच्या पावत्या जोडा. राहणं-जेवणं मुलीकडे असेल तर तसं स्पष्ट लिहा. नात्यातल्या माणसाने खर्च उचलणं नियमाला मान्य आहे. त्यासाठी मुलीचं पत्र, तिच्या पगाराच्या पावत्या, तिच्या व्हिसाचा पुरावा आणि घराचा भाडेकरार किंवा कौन्सिल टॅक्सचं (तिकडच्या घरपट्टीचं) बिल द्यावं. मागच्या वेळी हे सगळं दिलं होतं म्हणून या वेळी गाळू नका. जुने कागद नव्या अर्जाला जोडलेले असतात असं धरून चालू नये.

सातबारा, घरपट्टीची पावती, विवाह नोंदणीचा दाखला यातलं जे मराठीत आहे त्याचं भाषांतर लागेल, कारण कागद इंग्रजीत किंवा वेल्श भाषेत असले पाहिजेत. भाषांतर अचूक असल्याचं भाषांतरकाराने लिहून द्यायचं, त्यावर तारीख, पूर्ण नाव, सही आणि संपर्क हवा. तुम्हाला इंग्रजी येत असलं तरी स्वतः केलेलं भाषांतर जोडू नका. आणि कागदांचा ढीग नको. सातबाऱ्याची दहा पानं देण्यापेक्षा दुकानाचं एक पत्र मोलाचं आहे.

पाच वर्षांचा व्हिसा या वेळी नको, असं माझं स्पष्ट मत आहे. एप्रिल २०२५ च्या दरांप्रमाणे सहा महिन्यांच्या व्हिसाला १२७ पौंड, दोन वर्षांच्याला ४७५ आणि पाच वर्षांच्याला ८४८ पौंड पडत होते. हे दर वरचेवर वाढतात, भरताना पडद्यावर दिसेल ती फी खरी. नकार आला तर पैसे परत मिळत नाहीत आणि पाच वर्षांचा मागून अधिकाऱ्याने कमी मुदतीचा दिला तरी वरची रक्कम परत येत नाही. ज्यांचं येणं-जाणं ठरीव आहे, परिस्थिती स्थिर आहे, त्यांच्यासाठी तो व्हिसा आहे. तुमच्या नोंदीत आज एकच प्रवास आहे आणि तोही ठरवल्यापेक्षा लांबलेला. या खेपेचा आठ आठवड्यांचा प्रवास सांगितल्याप्रमाणे झाला, मधे चांगलं वर्षभर साताऱ्यात गेलं, की मग दोन वर्षांचा मागायला हरकत नाही. तेव्हाही ध्यानात ठेवा, लांब मुदतीचा व्हिसा म्हणजे सलग राहायची परवानगी नव्हे. एका खेपेला सहा महिन्यांपेक्षा जास्त राहता येत नाहीच आणि लागोपाठ सहा-सहा महिने राहू लागलात तर विमानतळावरचा अधिकारीही हाच प्रश्न विचारू शकतो.

मुलीच्या मनात कुठेतरी ‘आई इथेच राहिली तर’ असं असेल, तर त्याबद्दलही मोकळं बोला. व्हिजिटर व्हिसाने तिथे कायमचं राहता येत नाही. आई-वडिलांना कायमचं नेण्याचा वेगळा मार्ग आहे, पण त्यासाठी मुलगी तिथली नागरिक किंवा कायम रहिवासी हवी, शिवाय आईला वयामुळे, आजारामुळे किंवा अपंगत्वामुळे रोजच्या कामांना दीर्घकाळ मदत लागते आणि ती भारतात मिळूच शकत नाही असं सिद्ध करावं लागतं. जुलै २०१२ पासून ही अट इतकी कडक आहे की दुकानाचे हिशेब बघणाऱ्या धडधाकट आजीला तो रस्ता बंदच आहे.

डॉक्टरकडच्या नोंदणीबद्दल विचारलंत ते फार चांगलं केलंत. इंग्लंडमध्ये जीपीकडे, म्हणजे तिकडच्या फॅमिली डॉक्टरकडे, कुणालाही नाव नोंदवता येतं, त्यात तुम्ही काही चुकीचं केलेलं नाही आणि जीपीकडच्या तपासणीचे पैसेही पाहुण्याला पडत नाहीत. मात्र ‘ही व्यक्ती इथेच राहते का’ हे तपासताना जीपीकडची नोंदणी ही एक खूण म्हणून बघितली जाते. म्हणून मुलीला सांगा, त्या दवाखान्यात कळवून तुमचं नाव कमी करून घे. पुन्हा गरज पडली तर तात्पुरती नोंदणी करता येते, ती तीन महिन्यांपर्यंतची असते. त्याहून सोपं म्हणजे बीपीच्या गोळ्या इथूनच पुरेशा घेऊन जा, डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत सोबत ठेवा आणि प्रवास विमा उतरवा. जीपी वेगळा आणि रुग्णालय वेगळं. भेटीला आलेल्या माणसाकडून रुग्णालयातल्या उपचारांचे ठरलेल्या दराच्या दीडपट पैसे घेतात. ५०० पौंड किंवा त्याहून जास्त थकलेले असतील तर पुढचा व्हिसा त्या कारणाने नाकारला जाऊ शकतो. मागच्या वेळी तुमच्या नावाने असं काही बिल आलं होतं का, हे मुलीला विचारून खात्री करा. आलं असेल तर आधी भरा, पावती ठेवा.

प्रवासाच्या तारखेआधी तीन महिन्यांपर्यंत अर्ज करता येतो. ठसे दिल्यानंतर निर्णयाला साधारण तीन आठवडे लागतात, गर्दीत जास्त. फेब्रुवारीच्या मध्याला जायचं तर डिसेंबर संपायच्या आत अर्ज झालेला बरा. ठसे द्यायला तुम्हाला पुण्याचं व्हीएफएस केंद्र (व्हिसाचे अर्ज स्वीकारणाऱ्या खासगी कंपनीचं) जवळ पडेल. तिथली माणसं कागद घेतात, ठसे घेतात, पुढे पाठवतात. निर्णयाशी त्यांचा संबंध नसतो, तेव्हा काउंटरवर कुणी ‘हे जोडा, ते काढा’ म्हणालं तर गोंधळून जाऊ नका. परतीचं तिकीट व्हिसा मिळेपर्यंत काढू नका, फक्त तारखा ठरवा. या दरम्यान पासपोर्ट बदलला असेल तर जुनाही न्या.

उतरल्यावर अधिकाऱ्याने विचारलं तर जे अर्जात लिहिलंय तेच सांगा : मुलीकडे, नातवाला भेटायला, अमुक तारखेला परत. मागच्या वेळी किती राहिलात विचारलं तर तारखेसकट सांगा. आणि सामानात कंदी पेढे, तूप, खवा काही नको. भारतातून दुधाचे पदार्थ ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत, पकडले तर काढून घेतात.

एवढं करूनही नकार येऊ शकतो, ते तुम्हाला आधीच माहीत असावं. व्हिजिटर व्हिसाच्या नकारावर सहसा अपील नसतं, फेरतपासणीचीही सोय नसते. पुन्हा अर्ज मात्र केव्हाही करता येतो. नकाराचं पत्र आलं तर त्याच आठवड्यात तेच कागद घेऊन पुन्हा धावू नका, तसं केलं की तेच पत्र पुन्हा येतं. पत्रात एकेक कारण लिहिलेलं असतं. कुठल्या कारणाला तुमच्याकडे नवा कागद आहे आणि कुठल्याला काळच जाऊ द्यावा लागेल, हे आधी बघावं लागतं. तसं झालं तर नाव आणि पासपोर्ट क्रमांक झाकून पत्राची प्रत मला पाठवा, आपण ओळ न् ओळ वाचू.